आश्वासित प्रगती

नेरकरभाऊंनी सेवापुस्तक टेबलावर टाकलं
तशी धूळ उडाली, मी शिंकले.
"बघून घ्या सिस्टर, नंतर म्हणू नका."
पहिल्या पानावर माझ्या डाव्या हाताची पाच बोटं,
जांभळ्या शाईत.
उंची पाच फूट एक इंच.
ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण.
(रहाटाचा दांडा लागला होता. तेवढं लिहायला रकान्यात जागा नव्हती.)
रुजू झाल्याची तारीख, चोपडा, म.पू.
म्हणजे मध्यान्हापूर्वी.

सव्वीस वेतनवाढी,
प्रत्येकीखाली कुठल्यातरी साहेबाची घाईतली सही.
एक तेवढी चौदा दिवस उशिरा आली,
संपाचे चौदा दिवस.
"संप कशाचा होता हो?" भाऊंनी विचारलं.
"वेतनश्रेणीचा."
भाऊ हसले. मग मलाही हसावं लागलं.

बाराव्या वर्षी योजनेनं मला वर नेलं,
चोविसाव्या वर्षी अजून वर.
पगार वरच्या पदाचा, पद खालचंच.
घरी पेढे नेले तर दीर म्हणाले,
"मग केबिन कुठली?"
"तीच. ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागची."
आईला सांगितलं, पैसा वाढना, हुद्दा नही वाढना.
"मंग पैसाच खरा ना माय," आई म्हणाली,
"हुद्दा काय चुल्हामा घालाना शे?"

अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका.
मंत्रालयात कुणीतरी बसून
हे शब्द एकमेकांपासून वेगळे केले असतील.
वॉर्डात हाक एकच येते, ओ सिस्टर,
आणि जी जवळ असेल ती जाते.

शबनूर तडवीला सेवापुस्तकच नाही.
तिला अकरा महिन्यांचा एक कागद मिळतो,
मग एक दिवसाचा खंड,
मग दुसरा कागद.
असे नऊ तिनं जपून ठेवलेत
तिच्याच लग्नपत्रिकेच्या उरलेल्या पाकिटात.

खंडाच्या दिवशी ती कुणीच नसते.
मागचा खंड एप्रिलात आला.
बाहेर पंचेचाळीस, कूलर नुसता घरघरत होता,
डॉक्टर जळगावला मीटिंगला,
आणि सातपुड्यातून जीप आली,
पावरा बाई, पहिलटकरीण,
बाळ पायाळू.
मी एकटी.
शबनूर आदल्या दिवशी विसरलेला डबा न्यायला आली होती.
दारातून तिनं पाहिलं,
डबा खाली ठेवला, हात धुतले.
पाय आले. कंबर आली. तिनं ओढलं नाही.
थांबायचं कसं, हे मला ज्या बाईंनी शिकवलं
त्या कधीच वारल्या, मी शबनूरला शिकवलं होतं,
आणि त्या दिवशी मीच विसरले होते, घाई करत होते.
तिनं माझं मनगट धरलं.
मग खांदे, मग डोकं.
दोन वाजून वीस मिनिटांनी पोरगी रडली.

रजिस्टरात "प्रसूती करणाराचे नाव" या रकान्यात
मी माझं नाव लिहिलं.
तिचं लिहिता येत नव्हतं.

आता माझा आदेश आलाय.
परिसेविका, खरीखुरी, पाटीसकट. नवापूर.
निवृत्तीला सात महिने.
नाही म्हटलं तर आजवरचं मिळालेलंही अडकतं,
हो म्हटलं तर पहाटेची बस.
भाऊंनी दोन्ही अर्ज टाईप करून ठेवलेत,
हुशार माणूस.

काल रात्री, चहा ओतता ओतता,
शबनूरनं पहिल्यांदाच विचारलं,
"सिस्टर, तुमले कितला भेटस?"
मी वीस हजार कमी करून सांगितले.
का, ते मला विचारू नका.
तिनं बशी पुसली.
"बरा शे," म्हणाली.
मग जरा वेळानं,
"तुमनी पगारनी स्लिप झेरॉक्सवर राही गयथी.
ड्रॉवरमा ठेयी दिनी."

सात नंबरची सलाईन संपत आली होती.
दोघी एकदम उठलो.